पगार न लिहिलेली जाहिरात

'नामांकित कंपनीत मेगा भरती. दहावी, बारावी, आयटीआय, पदवीधर. आकर्षक पगार. राहण्या-जेवणाची सोय. आजच संपर्क करा.' खाली एक मोबाइल नंबर. खेड, चिपळूण, कुडाळ, रोहा, कुठल्याही गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा मजकूर सतत फिरत असतो. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या चालू कारखान्याला माणसे पुरवणाऱ्या कंत्राटदाराने तो टाकलेला असू शकतो. 'फॉर्म फी'चे पाचशे रुपये उकळून सिम फेकून देणाऱ्यानेही टाकलेला असू शकतो. मजकूर वाचून दोघांतला फरक कळत नाही.

कोकणातल्या नोकरभरतीचे दुखणे मला इथे दिसते. फसवणारे हुशार झाले आहेत हे खरेच. पण खरे मालक आणि त्यांच्यासाठी माणसे शोधणारे लोकही फसवणाऱ्यांसारखेच लिहितात, हे त्याहून मोठे कारण आहे. कंपनीचे नाव नाही, ठिकाण नाही, पगार नाही, तारीख नाही. शहाणी माणसे अशा नंबरवर फोन करत नाहीत, आणि मग महिनाभराने तक्रार ऐकू येते की कोकणात माणसेच मिळत नाहीत. समाजमाध्यमांवर माणूस शोधायचा असेल तर शोधणाऱ्याने आधी स्वतःची पूर्ण ओळख द्यावी आणि पगाराचा आकडा लिहावा, एवढेच माझे म्हणणे आहे. ते सौजन्य म्हणून नको, नियम म्हणून हवे.

माणसे शोधली कशी जातात ते आधी पाहू. मोठ्या कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग आणि मुंबई-पुण्याच्या भरती संस्था लिंक्डइन हे नोकरी-व्यवसायाचे समाजमाध्यम वापरतात. तिथे पदनाम, कौशल्य आणि ठिकाण यांची जुळणी करून शोध घेतात: 'मेंटेनन्स' किंवा 'फिटर', आणि 'खेड' किंवा 'चिपळूण' किंवा 'लोटे'. कोकणासाठी हा शोध दोन ठिकाणी चुकतो. पहिली चूक रोमन स्पेलिंगची. मालवण आणि सावंतवाडी ही नावे कुणी व्ही वापरून लिहितो, कुणी डब्ल्यू. शोधणाऱ्याने एकच स्पेलिंग टाकले तर दुसऱ्या पद्धतीने लिहिणारे सगळे यादीतून गळतात. दुसरी चूक ठिकाणाची. भांडुपला किंवा नालासोपाऱ्याला राहणारा देवरुखचा मुलगा प्रोफाइलवर 'मुंबई' लिहितो. त्याला गावाजवळ नोकरी मिळाली तर तो उद्या परत येईल, पण 'रत्नागिरी' ही गाळणी (फिल्टर) लावणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.

यावर सोपा उपाय आहे. ठिकाणाऐवजी शिक्षणसंस्थेवरून शोधावे. रत्नागिरीचे फिनोलेक्स, आंबवचे राजेंद्र माने, लवेलचे घरडा ही अभियांत्रिकी महाविद्यालये, लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, रत्नागिरी आणि मालवणची शासकीय तंत्रनिकेतने, दापोलीचे कृषी विद्यापीठ, शिरगावचे मत्स्य महाविद्यालय. यांतून बाहेर पडलेला माणूस सध्या कुठेही असो, त्याचे कोकणाशी नाते आहे एवढे तरी कळते. मग त्याला पहिला निरोप पाठवताना 'आपले प्रोफाइल आवडले' असा साचा न वापरता तीन गोष्टी लिहाव्यात: कंपनी कुठली, काम कुठल्या गावात, पगार किती ते किती. परत यायचे की नाही हे ठरवायला त्या माणसाला एवढेच लागते. मुंबईतले घरभाडे आणि लोकलचा प्रवास वजा करून तो हिशेब स्वतःच मांडतो.

नोकरी शोधणाऱ्यानेही इथे एक काळजी घ्यावी. 'ओपन टू वर्क'ची, म्हणजे आपण नोकरी शोधत असल्याची खूण दोन प्रकारे लावता येते. एक सगळ्यांना दिसणारी हिरवी चौकट, दुसरी फक्त भरती करणाऱ्यांना दिसणारी. दुसऱ्या प्रकारात आपल्याच कंपनीतल्या भरती करणाऱ्यांपासून खूण लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करते, पण हमी देत नाही. छोट्या वसाहतीत सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथे हे लक्षात ठेवलेले बरे.

पण कोकणातली बहुतेक कामे लिंक्डइनवर नाहीतच. बॉयलर अटेंडंट, केमिकल प्लांटचा ऑपरेटर, हॉटेलातला स्वयंपाकी, होमस्टेची साफसफाई करणाऱ्या बाया, ट्रॉलरवरचा तांडेल (नौका चालवणारा), या कामांची माणसे तिथे खाते काढून बसलेली नसतात. ती व्हॉट्सअॅप आणि फेसबुकवर सापडतात, आणि अनेकदा तिथेही नाही, ओळखीच्या ओळखीतून मिळतात. आंब्याच्या बागांतले नेपाळी राखणदार आणि मच्छीमार नौकांवरचे खलाशी आजही मुख्यतः फोनवरून, आधी काम केलेल्या माणसामार्फत आणि उचल देऊन आणले जातात. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठण्याआधी माणूस बंदरात पोचला पाहिजे. तिथे अनोळखी माणसाची चाचपणी करायला कुणाला वेळ नसतो. तो वेगळा विषय आहे आणि त्यातला उचलीचा प्रश्न फार गंभीर आहे, पण इथे तो बाजूला ठेवतो.

ओळखीतून माणूस मिळवण्यात वाईट काही नाही. तिची मर्यादा मात्र समजून घ्यावी लागते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडले की नोकरीची नवी बातमी अनेकदा जवळच्या माणसांपेक्षा तोंडओळख असलेल्यांकडून येते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही आधीच ठाऊक असते. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरच्या पाच वर्षांच्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. त्यातही साधारण तेच दिसले: नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडली ती मधली, थोडी सैल ओळख. अगदी घट्ट नाते तेवढे उपयोगी पडले नाही.

आता वाडीचा ग्रुप पाहा. भावकी, गावकी, मुंबईचे मंडळ, क्रिकेटची टीम, शाळेची बॅच. ग्रुप पाच असले तरी माणसे तीच असतात. एकच मजकूर पाचही ठिकाणी फिरतो आणि शेजारच्या तालुक्यात पोचत नाही. लांज्यातल्या काजू प्रक्रिया केंद्राला जो मशीन ऑपरेटर हवा आहे तो राजापूरला घरी बसलेला असतो, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. भरती करणाऱ्याचे खरे काम हे दोन गोतावळे जोडण्याचे आहे. स्वतःच्याच ग्रुपवर दहा वेळा मजकूर टाकून ते होत नाही. शेजारच्या तालुक्यातल्या आयटीआयच्या निदेशकाला, बचत गटाच्या समूह संसाधन व्यक्तीला, ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाला एकेक निरोप पाठवला तर मजकूर नव्या वर्तुळात शिरतो. ही माणसे निरोप पुढे पाठवतील की नाही, हे मात्र एकाच गोष्टीवर ठरते. आपण पाठवलेल्या जाहिरातीमुळे गावात कुणी फसले तर बोल आपल्याला लागेल, हे त्यांना ठाऊक असते. म्हणून नावगाव नसलेली जाहिरात ती पुढे ढकलत नाहीत, आणि बरोबरच करतात.

जाहिरात कशी असावी याचा नमुनाच देतो; आकडे फक्त उदाहरणाचे.

'तारकर्ली (ता. मालवण) येथील १२ खोल्यांच्या हॉटेलला मालवणी जेवण करणारी एक व्यक्ती हवी, स्त्री किंवा पुरुष. हॉटेलचे नाव अमुक. पगार महिना १८ ते २२ हजार, हातात येणारा. काम सकाळी ७ ते ११ आणि सायंकाळी ५ ते १०. आठवड्याला एक सुटी, शनिवार-रविवार सोडून. गणपतीत पाच दिवस पगारी रजा. राहण्याची स्वतंत्र खोली, जेवण. काम बारमाही, पावसाळ्यात पूर्ण पगार. कोणतीही फी नाही. ३० सप्टेंबरपर्यंत दुपारी २ ते ५ या वेळेत फोन करा, अमुक यांच्याशी बोला.'

सत्तरच्या आसपास शब्द. यातला प्रत्येक शब्द एकेक फोन वाचवतो. 'हातात येणारा' लिहिले नाही तर पीएफ आणि इतर कपातीनंतरच्या आकड्यावरून पहिल्याच पगाराला भांडण होते. 'पावसाळ्यात पूर्ण पगार' हा किनाऱ्यावर सगळ्यांत मोठा प्रश्न आहे, कारण पावसाळ्यात जलक्रीडा बंद होतात, पर्यटक घटतात आणि अनेक ठिकाणी माणसाला न सांगताच घरी बसवतात. कामाचे तास दोन तुकड्यांत असतील तर तसेच लिहावे. मधले सहा तास माणूस कुठे काढणार हे त्यालाच ठरवू द्यावे. गणपतीच्या रजेचा उल्लेख मालकांना खटकतो. पण कोकणी माणूस गणपतीत आणि शिमग्यात सुटी घेणार हे उघड आहे. ती किती दिवसांची हे आधी ठरले तर ऐन हंगामात दांडी पडत नाही.

कारखान्याच्या जाहिरातीत वेगळे तपशील लागतात. नोकरी कंपनीच्या हजेरीपटावर की कंत्राटदाराच्या, पाळी आठ तासांची की बारा तासांची, बारा असेल तर वरच्या चार तासांचा ओव्हरटाइम कोणत्या दराने, कंपनीची बस कोणत्या मार्गाने आणि शेवटचा थांबा कुठला. दापोली-मंडणगडकडच्या मुलासाठी बस हाच निर्णयाचा मुद्दा असतो. आयटीआयचा एओसीपी (अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट) हा अभ्यासक्रम केलेला मुलगा हवा असेल तर तसे स्पष्ट लिहावे. 'दहावी ते पदवीधर' लिहिले की दोनशे फोन येतात आणि त्यांतले बहुतेक निरुपयोगी असतात. दोन्ही बाजूंचा दिवस वाया जातो.

रूपाबद्दलही थोडे. आपल्याकडे जाहिरात म्हणजे फोटोशॉपमधला रंगीत फलक, त्यात हार, विजा आणि नेत्यांचे फोटो. चित्रातला नंबर दाबून थेट फोन लागत नाही, त्यातला मजकूर ग्रुपमध्ये शोधला तर सापडत नाही, आणि सड्यावरच्या वाडीत रेंज कमी असेल तर चित्र उघडतही नाही. पीडीएफचे तर नावच नको. साधा टाइप केलेला मजकूर पाठवावा. ज्यांना वाचायला जड जाते त्यांच्यासाठी तोच मजकूर एका मिनिटाच्या आवाजी निरोपात बोलून पाठवावा. अर्जासाठी गुगल फॉर्म चालतो, पण त्यात फोटो किंवा दाखला जोडायचा रकाना ठेवला की गुगल खात्यात लॉगिन करावे लागते, आणि तिथेच अनेकजण सोडून देतात. नाव, गाव-तालुका, येणारे काम, किती वर्षांचा अनुभव, कधीपासून येऊ शकता, फोन. पहिल्या फेरीला सहा रकाने पुरतात.

'बायोडेटा ग्रुपवर टाका' ही सवय तर तातडीने थांबली पाहिजे. हजारभर सदस्यांच्या ग्रुपवर मुलीने बायोडेटा टाकला की तिचा नंबर, पत्ता, जन्मतारीख, कधी जात आणि आधार कार्डाचा फोटोही अनोळखी हातांत जातो. पुढे रात्री-अपरात्री कोणाचे निरोप येतात हे घरोघरी माहीत आहे, आणि म्हणूनच अनेक मुली अर्जच करत नाहीत. मग मालक म्हणतो, 'मुली पुढे येत नाहीत.' २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा इथे पूर्ण मदतीला येत नाही, कारण माणसाने स्वतः होऊन सार्वजनिक केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. एकदा उघड्यावर टाकले की हात बांधले जातात. व्हॉट्सअॅप कम्युनिटीच्या घोषणा-ग्रुपमध्ये किंवा चॅनेलवर सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. भरतीचे ग्रुप चालवणाऱ्यांनी तिकडे वळावे. आधार आणि बँकेचा तपशील नेमणूक ठरल्यावर, तोही कार्यालयात मागावा.

उमेदवाराचे फेसबुक चाळण्याची पद्धतही वाढली आहे. कौशल्य तपासायला स्वयंपाक्याचे, सुताराचे, स्कूबा प्रशिक्षकाचे कामाचे फोटो पाहणे समजू शकतो. पण कोकणात आडनाव आणि गाव कळले की बाकी सगळे कळते, आणि मग निवड कामावरून होत नाही. अमेरिकेत फेसबुकला २०१९ साली दाव्यांतील तडजोडीत मान्य करावे लागले की नोकरीच्या जाहिराती वय, लिंग किंवा पिनकोड निवडून दाखवता येणार नाहीत. जाहिरात कोणाला दिसू द्यायची नाही हे ठरवणे म्हणजे दार न दाखवताच नकार देणे, असा दावे करणाऱ्यांचा मुद्दा होता. आपल्याकडे 'फक्त पुरुष, वय १८ ते २५' अशी गाळणी लावून पैसे भरताना कुणाला काही वाटत नाही. पॅकिंगच्या कामाला पंचविशीची अट कशाला लागते, हे विचारायला हवे.

समुद्रापार जाणाऱ्यांच्या बाबतीत हा सगळा ढिसाळपणा जिवावर बेततो. कोकणातून बोटीवर जाणे आणि आखातात जाणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे, म्हणून जाळेही इथेच टाकले जाते. इन्स्टाग्रामवर जहाजाचा फोटो, 'थेट जॉइनिंग', आणि तीन-चार लाखांची मागणी. बोटीवर माणूस पाठवणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशांची भरती करून देण्याचा) परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. भारताने २०१५ साली स्वीकारलेल्या सागरी कामगार कराराप्रमाणे नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. वैद्यकीय दाखला, सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक), पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याचा. त्यामुळे 'जॉइनिंगचे पैसे' हा शब्द ऐकला की बोलणे तिथेच थांबवावे.

आखातासाठी नियम वेगळा आहे. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटाला फी घेता येते, पण जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, तीही पावती देऊन. त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर (स्थलांतर तपासणी आवश्यक) अशी नोंद असेल तर आखातातल्या देशांसह १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागते; 'व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो' म्हणणारा माणूस नेमकी हीच मंजुरी चुकवत असतो. शिकलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानेच इशारा दिला होता की समाजमाध्यमांवरच्या जाहिराती पाहून थायलंडच्या नोकरीला निघालेल्या संगणक जाणकार तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबले जात आहे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच, शक्यतो पहिल्या तासातच फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते.

प्रामाणिक एजंटांना माझे सांगणे आहे: परवाना क्रमांक पहिल्या ओळीत लिहा. तुम्ही तो लपवलात तर खोट्या माणसाला त्याचा क्रमांक नसणे लपवायला मदत होते.

पगार लिहायला मालक का कचरतात? दोन कारणे नेहमी ऐकू येतात. जुन्या कामगारांना नव्याचा पगार कळतो आणि कुरबुर होते, हे पहिले. पण ती कुरबूर पहिल्या पगाराच्या दिवशी होणारच असते. वसाहतीत पगार लपत नाही. शेजारचा मालक हजार रुपये जास्त देऊन माणूस पळवतो, हे दुसरे. तो भाव त्याला पुरवठादाराकडून आधीच कळलेला असतो. घासाघीस करायला जागा हवी असेल तर खालचा आणि वरचा आकडा लिहावा. मात्र तो आठ ते तीस हजार असा ताणू नये. दोन आकड्यांत चौथ्या हिश्श्याहून जास्त अंतर असेल तर त्या आकड्यांना अर्थ उरत नाही. खालचा आकडा लिहायचीच लाज वाटत असेल, तर माणसे न मिळण्याचे कारण सापडले म्हणायचे.

सरकारी मार्गही आहे आणि त्याचा उपयोग होत नाही हे खेदाने म्हणावे लागते. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले होते. तिथूनच माणूस घ्या अशी सक्ती मात्र नव्हती. ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहे. राज्य सरकारच्या महास्वयंम संकेतस्थळावर जागा नोंदवता येतात. तिथे नोंदवलेल्या जागेचा दुवा व्हॉट्सअॅपच्या मजकुराखाली जोडला तर वाचणाऱ्याला एक पडताळा मिळतो, आणि मालकाचा खर्च शून्य. जिल्हा कौशल्य विकास कार्यालयांनी एवढी एक सवय मालकांना लावली तरी खोट्या जाहिरातींची बरीच कोंडी होईल.

ग्रुपच्या अॅडमिननीही नियम करावा: कंपनीचे नाव, गाव, पगार, शेवटची तारीख आणि बोलणाऱ्याचे नाव नसेल तर मजकूर काढायचा. त्यातही शेवटच्या तारखेवर अडून बसावे. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर १५ मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो, सर्वांसाठी पुसायलाही दोन-अडीच दिवसांचीच मुदत असते, आणि पुढे पाठवल्या गेलेल्या प्रती कुणाच्याच हातात राहत नाहीत. जागा भरली तरी जाहिरात वर्षभर फिरत राहते, आणि वैभववाडीचा कुणी मुलगा तिच्या भरवशावर एसटी पकडून खेडला उतरतो. तारीख जाहिरातीतच असेल तर त्याचे तिकिटाचे पैसे वाचतात. जागा भरल्यावर मूळ मजकुरालाच उत्तर म्हणून 'जागा भरली' एवढे दोन शब्द टाकावेत, आणि ज्यांनी फोन केले होते त्यांना त्याच आठवड्यात तसे कळवावे. पुढच्या जाहिरातीला हीच माणसे फोन करणार असतात.